मीराला बोला

मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या टेनिस क्लबात मी पहिल्यांदा गेले त्या सकाळी एक स्पॅनिश माणूस माझ्याशी मराठीत बोलला आणि माझ्या मुलीला फुकटची बोलणी बसली.

मीरा तेव्हा आठ वर्षांची होती. तिचा पहिलाच क्लास. मी जाळीला टेकून कॉफी पीत उभी होते. आत उन्हाने रापलेला, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला एक उंच माणूस पोरांना चेंडू टाकत होता. त्याच्या डोक्यावरची हॅट कधीकाळी पांढरी असावी. पाच मिनिटं गेली नसतील, तेवढ्यात तो खणखणीत आवाजात म्हणाला, "मीराला बोला!"

मी चपापलेच. एक तर ह्या गोऱ्याला मराठी येतं. दुसरं म्हणजे आमच्या कन्येने पाच मिनिटांत काय दिवे लावले देव जाणे. आणि तिसरं, त्याचा तो सभ्यपणा. "बोल" नाही, "बोला". शिक्षकाने सांगितल्यावर मुलीला न बोलणारी आई मिरजेत तरी तयार होत नाही. मी लगेच आवाज चढवला, "मीरा, लक्ष कुठंय तुझं? सर सांगतायत ना?" ती बिचारी बघतच राहिली. दोन चेंडू झाले आणि पुन्हा, "मीराला बोला!" मी पुन्हा बोलले. तासभर हेच चाललं. तो सांगत होता, मी इमानेइतबारे बोलत होते. शेवटी पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मम, ही इज सेइंग इट टू एव्हरीवन!"

क्लास संपल्यावर मी त्याला गाठलं आणि कौतुकाने विचारलं, "सर, तुम्ही मराठी कुठे शिकलात?" तो म्हणाला, "सॉरी?" मग उलगडा झाला. स्पॅनिशमध्ये मीरा म्हणजे बघ आणि बोला म्हणजे चेंडू. मीरा ला बोला, चेंडूकडे बघ. टेनिस शिकवणारा प्रत्येक स्पॅनिश माणूस हे एकच वाक्य आयुष्यभर ओरडत असतो. मी त्याला आमच्या भाषेतला अर्थ सांगितला तेव्हा तो चेंडूंची टोपली उलटी करून तिच्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. माझी चांगलीच शोभा झाली होती, पण त्याचं हसणं असं होतं की रागावता येईना. त्यानंतर मी कधी क्लासला उशिरा पोचले की लांबूनच डोळा मिचकावून म्हणायचा, "सेन्योरा, मीराला बोला."

त्याचं नाव होआकिन. इथली माणसं त्याला "वाकीन" म्हणायची. माझा नवरा मंदार, ज्याला कोटी सुचली की जेवण गोड लागत नाही ती सांगेपर्यंत, पहिल्याच दिवशी म्हणाला, "आपल्याकडे मोडेन पण वाकणार नाही म्हणतात. हा तर नाव सांगतानाच वाकतो." मी ते वाकीनला समजावून सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "तुमचे लोक टेनिसमध्ये मागे का आहेत ते आज कळलं. गुडघे वाकवले नाहीत तर सर्व्हिस कशी परतवणार?"

तो खराखुरा व्यावसायिक टेनिसपटू होता. त्याचं गाव फरशांच्या कारखान्यांचं, समुद्राजवळचं. वडील भट्टीवर, आणि हा कारखान्याच्या मागच्या लाल मातीच्या कोर्टवर. विशीत तो ह्या धंद्यात पडला आणि पंधराएक वर्षं गावोगावच्या लहान स्पर्धा खेळत फिरला. कोणी विचारलं की तू कितवा होतास, तर म्हणायचा, "पहिल्या शंभरातले हॉटेलात झोपतात. दुसऱ्या शंभरातले मित्राच्या सोफ्यावर. मी सोफ्यासाठीसुद्धा क्वालिफायिंग खेळलोय." पुढे गुडघा गेला, एका ऑस्ट्रेलियन नर्सशी लग्न केलं, इथे आला. लग्न टिकलं नाही, तो टिकला.

लाल मातीची एक सवय मात्र त्याच्या अंगातून गेली नाही. मातीच्या कोर्टवर खेळून झालं की एक जाडसर चटई ओढत पायांचे ठसे पुसायचे असतात, पुढच्या खेळाडूला कोर्ट स्वच्छ मिळावं म्हणून. आमची कोर्टं पक्की, निळ्या रंगाची. तिथे ठसा उठेल तर शपथ. तरी हा बाबा क्लास संपला की चटई ओढायचा आणि पोरांना ओढायला लावायचा. "आपली पावलं मागे ठेवून जायची नाहीत," तो म्हणायचा. क्लबातली जुनी मंडळी कानाशी बोट फिरवून हसायची. पण माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी इकडे आल्या होत्या, त्यांना ते फार पटलं. "बरोबरच आहे त्याचं. जेवून उठल्यावर जागा पुसायची नाही का?" त्यांनी त्याला स्वतः थापलेलं थालीपीठ आणि मिरचीचं लोणचं पाठवलं. त्याने ते लोणचं पावाला लावून, जाम खावा तसं खाल्लं, आणि मग बराच वेळ नळाजवळ उभा होता.

आता त्याच्या प्रसिद्ध मॅच पॉइंटविषयी सांगायला हवं.

मेलबर्नच्या जानेवारीतल्या मोठ्या स्पर्धेत तो एकदाच मुख्य फेरीपर्यंत पोचला होता. पहिलाच सामना एका नामांकित खेळाडूशी, कडेच्या कोर्टवर. पाचव्या सेटमध्ये वाकीन पुढे. मॅच पॉइंट त्याचा, सर्व्हिस त्याची. एक चेंडू जिंकला असता तर वर्तमानपत्रात फोटो आला असता. तो चेंडू गेला आणि सामनाही गेला. इतपत सगळ्यांना माहीत होतं. तो चेंडू गेला कसा, हे मात्र ऐकणाऱ्यावर अवलंबून असायचं.

मंदारला त्याने सांगितलं की एक सीगल पक्षी वरून सूर मारत आला आणि नेमका चेंडूच्या आड गेला. क्लबची अध्यक्ष बेव्ह नावाची खमकी बाई होती, तिच्यासाठी डोळ्यांवर ऊन आलं होतं. एका सरदारजी पालकांना बुटाची नाडी सांगितली. आणि सासूबाईंना त्याने माझ्यामार्फत सांगितलं की पहिल्या रांगेतली एक म्हातारी नेमकी सर्व्हिसच्या वेळी शिंकली. सासूबाई हळहळल्या. "अगं, शिंक झाली की घटकाभर बसायचं असतं, घोटभर पाणी प्यायचं. एवढं कसं कुणी सांगितलं नाही त्याला?" मी ते भाषांतर करून सांगितलं. तेव्हापासून क्लासमध्ये कोणी शिंकलं की वाकीन खेळ थांबवायचा, सगळ्या पोरांना खाली बसवायचा आणि पाणी प्यायला लावायचा. पंजाबी, तेलुगू, ऑस्ट्रेलियन, सगळी पोरं मिरजेचा नियम पाळायला लागली. बेव्हला वाटायचं ही स्पेनची रीत आहे.

मीरा मोठी होत गेली, चांगली खेळायला लागली. पंधराव्या वर्षी क्लबच्या मुलींच्या संघातून शनिवारच्या सामन्यांत खेळत होती, आणि त्या वर्षी संघ फायनलला गेला. सगळं शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपलं, आणि तो मीराचा. मॅच पॉइंट तिचा, सर्व्हिस तिची. जाळीला टेकून मी सगळे देव आठवत होते. पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरीही. त्यानंतर ती एक गेमसुद्धा जिंकली नाही.

घरी आल्यावर तिने रॅकेट गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनमागे टाकल्या आणि म्हणाली, "आय'म डन, आई." हेडफोन कानाला लावले ते लावलेच. शाळा कशी झाली? "फाइन." जेवतेस का? "फाइन." पुढचा शनिवार आला तरी क्लबचं नाव नाही. माझी नोकरी पॅथॉलॉजीत रक्त घ्यायची आहे. भल्याभल्यांच्या हरवलेल्या शिरा मी शोधून काढते, पण स्वतःच्या मुलीकडून एक शब्द काढता येईना. सात वर्षं जी पोरगी टेनिस सोडून दुसरं काही बोलली नाही, ती अशी भिंत होऊन बसलेली बघून मला रात्री जेवण जात नव्हतं. शेवटी मी वाकीनला फोन केला. म्हटलं, ये आणि समजाव तिला.

तो रविवारी अर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, आला. आत न येता मागच्या पायऱ्यांवर बसला.

"आत जा ना. खोलीत आहे," मी म्हणाले.

"नाही, सेन्योरा," तो म्हणाला. "मीराला बोला."

ह्या वेळी त्याने डोळा मिचकावला नाही. पहिल्यांदाच ते वाक्य तो माझ्या भाषेत बोलत होता.

"अरे, पण काय बोलू?"

तो गुडघ्यावरचा पट्टा सैल करत बसला. "तिला सांग, माझ्या त्या मॅच पॉइंटला मी दोन्ही सर्व्हिस घालवल्या. पहिली नेटमध्ये गेली. दुसरी नेटपर्यंत पोचलीसुद्धा नाही."

"आणि सीगल?"

"सीगल नव्हता."

"ऊन?"

"ढग होते."

"अरे मेल्या, माझ्या सासूबाई त्या शिंकेसाठी हळहळल्या होत्या."

"कोणी शिंकलं नाही. सगळे अगदी गप्प होते. त्या शांततेचीच मला भीती वाटली. हात उचलेना." मग म्हणाला, "हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा ऊनच सांगितलंय. माझ्या सगळ्या करिअरमध्ये सांगण्यासारखी ही एकच गोष्ट आहे. तिच्यातला सीगल उडून गेला तर मागे एक घाबरलेला माणूस उरतो. क्लबातल्या लोकांना तो कशाला दाखवायचा?"

सुई टोचण्याआधी माणसं मान फिरवतात, तसं त्याने तोंड कुंपणाकडे केलं होतं. मला त्याची फार माया आली.

"मग मीराला तरी का सांगायचं?" मी विचारलं.

"कारण तिला वाटतंय, असं करणारी जगात ती एकटीच."

"तूच सांग मग."

"इतकी वर्षं थापा मारल्यावर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तू सुई टोचताना लोकांना काय सांगतेस? दुखणार नाही म्हणतेस?"

"नाही. थोडं दुखेल म्हणते."

"म्हणून तू जा."

मी गेले. पलंगाच्या कडेला बसून सांगितलं. मीराने एक कान मोकळा केला. "आई, विच व्हर्जन इज धिस?"

"ह्यात सीगल नाहीये," मी म्हटलं.

तिने दुसराही कान मोकळा केला. "डबल फॉल्ट? कोच? ऑन मॅच पॉइंट?" मी मान हलवली. "अँड देन?"

ते मला कुठे माहीत होतं. मी बाहेर गेले. "ती विचारतेय, मग पुढे काय केलंस?"

"पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात खेळलो."

मी आत येऊन सांगितलं. "डिड ही विन?" मी पुन्हा बाहेर. "जिंकलास का?"

"छे. तिथेही हरलो. पण सर्व्हिस नेटच्या पलीकडे गेली."

मी आत. मीरा म्हणाली, "आस्क हिम, हात कसा उचलला मग? नेक्स्ट टाइम?" मी निघाले तशी ती उठली. "आई, यू आर सो स्लो," म्हणाली आणि मला ओलांडून स्वतःच बाहेर गेली.

मी स्वयंपाकघरात थालीपिठं लावली. खिडकीतून दोघांची पाठ दिसत होती. काय बोलले ते मला आजतागायत माहीत नाही, पण तव्यावरचं दुसरं थालीपीठ उलटत असताना मीरा हसली. मी गॅस बारीक केला आणि ओट्याला धरून थोडं रडून घेतलं. निघताना वाकीन दारात तिला म्हणाला, "सीगलचं कोणाला सांगायचं नाही."

"नो वरीज, कोच," मीरा म्हणाली आणि गॅरेजकडे वळली.

पुढच्या वर्षी त्याची आई जिन्यावरून पडली. घरी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो गाव गाठायला निघाला. शेवटच्या शनिवारी त्याने चारही कोर्टांवर चटई फिरवली, फाटकापर्यंत मागे मागे चालत, निळ्या सिमेंटवर आपलं एक पाऊल राहू नये म्हणून. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो आणि त्या दिवशी कोणी कानाशी बोट फिरवलं नाही. आता तो त्याच जुन्या कारखान्यामागे, खऱ्या लाल मातीवर, पोरांना शिकवतो. मिरचीचं लोणचं संपलं की मला मेसेज येतो. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे सगळं मी लिहू धजले. तुम्हीही कुठे बोलू नका.

मीरा आता युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत आहे आणि शनिवारी सकाळी लहान मुलांचा क्लास घेते. परवा मी सहज गेले होते. जाळीला टेकून एक नवी आई उभी होती. गप्पा मारताना कळलं, नाशिकची आहे, महिन्यापूर्वी आली. आतून आवाज आला, "मीरा ला बोला!" बाई गोंधळून माझ्याकडे वळली.

"अहो, ही मीरा कोण? आणि ह्या कोच तिला सारखं बोला, बोला का म्हणतायत?"

"मीरा म्हणजे ही स्वतःच," मी म्हटलं. मग तिला त्या वाक्याचा अर्थ आणि थोडाफार वाकीन सांगितला. मोठ्या स्पर्धेत खेळलेला, मॅच पॉइंटवर येऊन हरलेला.

"अरेरे," ती म्हणाली. "मॅच पॉइंटवर? कसं काय?"

मी कोर्टकडे बघितलं. खरं काय ते मला माहीत होतं. तोवर क्लास संपला होता आणि मीरा आमच्याकडे पाठ करून चटई ओढत होती. निळ्या कोर्टवरून, हळूहळू, कडेकडेने. मागे वळूनही न बघता ती म्हणाली,

"सीगल, आंटी. सीगल मध्ये आला."