वरून उघडा आठ

लोखंडावर उठलेले आकडे ओतकामाचे. खोल गेलेले, पंचाने ठोकलेले.

जेवताना ताक जरा जास्तच झालं.

घासलेल्या सागवानाचा वास. बारा वर्षांत या घरात आलेला नाही.

सरनोबतांचा फोन: "मालनताई, जुन्या गाड्यांच्या रॅलीचा फॉर्म संध्याकाळी जातोय. हेड मूळ कंपनीचंच आहे, एवढं लिहा की."

सहा, दोन, आठ, एक. असा नंबर कंपनीच्या कुठल्याच यादीत नाही.

मालन सुतार जुन्या गाड्यांच्या इंजिनांवरच्या खुणा वाचते आणि कुठला भाग कुठल्या कारखान्याचा ते सांगते. टेबलावर सरनोबतांच्या गाडीचं सिलिंडर हेड आहे. त्यावर तिचा उघडा हात, हातावर डोकं. दुपार जड झाली आहे. तीन दिवस एकच शंका छळते आहे: हे हेड इथे कोल्हापुरातच ओतलेलं असलं तर? साच्यासाठी असा लाकडी पॅटर्न उद्यमनगरातल्या फौंड्र्यांत तेव्हा एकालाच जमायचा. तिच्या वडलांना. म्हणजे नकली मालावर कंपनीचं नाव कोरणारेही तेच.

डोळे मिटतात.

बारा वर्षांपूर्वी गेलेले वडील, केरबाआण्णा, समोर बसलेत, मांडीवर लाकडी पॅटर्न. टेबल फौंड्रीत आहे. पायांखाली काळी वाळू, अजून ऊन.

"जेवलीस?"

"जेवले. आण्णा, हे हेड तुम्ही केलंत?"

"फुटकं घेऊन आलते. म्हणाले, अस्संच दुसरं पाहिजे. दिलं करून."

"कंपनीच्या नावासकट?"

"नाव तसंच राहू दे म्हणाले." ते पॅटर्नवर फुंकर मारतात. "तू काय लिवलंयस?"

"काहीच नाही. नंबर लागत नाही. आठाचं डोकं झिजलंय."

वाळू शाळेच्या पटांगणातली आहे. आण्णा तिच्या पाटीवर वाकलेत.

"बिडाचं लोखंड एका आकड्यापुरतं झिजतंय व्हय गं? वाच परत."

"सहा, दोन, आठ..."

"तुला मराठी शाळेत घातलं ते वायाच गेलं म्हणायचं."

ती बघते. वरून उघडा आठ.

आठ नाहीच. मराठी चार.

सहा, दोन, चार, एक. हा नंबर यादीत आहे.

"आण्णा, चुकून झालं, का मुद्दाम?"

पटांगण तिच्या स्वयंपाकघरात संपतं. ते ओट्याशी उभे आहेत, पाठमोरे.

"चा टाक," म्हणतात.

फोन वाजतोय. मालन डोकं उचलते. दंडाखाली, कोपराजवळ चार आकडे उमटलेत, लाल, खोलगट आणि उलटे. ओतण्याआधी साच्याच्या वाळूत दिसतात तसे. चारही ओळखू येतो.

"मूळ कंपनीचंच ना?" सरनोबत विचारतात.

"नाही. कोल्हापूरचं. केरबा सुतारांनी केलेलं."

"म्हणजे डुप्लिकेट? तुमच्या वडलांनी?"

"हो. तसंच लिहिणार आहे. पण नंबरातला तिसरा आकडा जरा नीट बघा, साहेब. त्यांनी लपवलेलं नाही."

फौंड्रीच्या हजेरीवहीत केरबा सुतार रोज वेळ टाकायचे ती इंग्रजी आकड्यांत. चारसुद्धा.