वहिनींची मोकळी खेप

आमच्या वहिनी हरायला बसायच्या. खेळ हातात आला की माणूस जिंकायला बघतो. या मात्र मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून, कणीक मळता मळता निवांत हरायच्या आणि हरल्या की हसायच्या. पडद्यावर त्यांच्या करंगळीचा पिठाचा ठसा असायचा, कारण तेवढं एकच बोट मोकळं असे. "माज्या चुकीनं हारले तर पुन्यांदा खेळंन, भावजी. तुमच्या चुकीनं हारले तर मोबाईल ठिवून दीन," हा त्यांचा कायदा.

खेळ मी केलेला होता. पुण्यातली नोकरी सोडून भोरच्या घरी परतलो आणि त्याच्याच मागे लागलो. नाव ठेवलं 'राखण'. भाताच्या खाचरावर रानडुकरं येतात. आपण त्यांच्या वाटेवर माळे बांधायचे, त्यावर गोफणवाले बसवायचे आणि पीक वाचवायचं. डुकरं लाटांनी येत. वहिनी लाटेला खेप म्हणायच्या. खेळाचा एक प्रकार 'अखंड' होता. त्यात खेपा संपतच नाहीत, पीक कधीतरी जाणारच. किती वेळ तग धरला एवढंच महत्त्वाचं. तिथंच माझी गाडी अडली होती. लोक थोडा वेळ खेळत आणि कंटाळून, नाहीतर चिडून निघून जात.

वहिनी वेल्ह्याकडच्या, पासलीच्या. लहानपणी भात राखायला खऱ्याखुऱ्या माळ्यावर बसलेल्या आणि पुढे भोरला राहून बी.कॉम. झालेल्या. मी दर खेपेला डुकरंही वाढवत होतो आणि त्यांची ताकदही. ते बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! अवो, पाव्हणं वाढलं तर भाजी साधी करायची. सुगरणपणा दाखवायचा आसंल तर पाव्हणं मोजकं पायजेत. दोन्ही एकदम केलं तर रांधणारी बाई रडंल." म्हणजे कळप मोठा असेल तर डुकरं लेचीपेची ठेवायची, आणि डुक्कर दांडगं असेल तर एकटंदुकटं सोडायचं. मी तसं करून पाहिलं आणि लोक खेळात रमायला लागले.

आईला या सगळ्याची गंमत वाटायची. "पासलीत डुकरं हाकलली ती कमी पडली व्हय? हितंबी तेच?" असं ती विचारायची.

"तितं पगार नव्हता, आत्याबाई."

"आन् हितं हाय?"

यावर दोघी खळखळून हसायच्या. मी आपला लॅपटॉपमध्ये डोकं घालायचो.

आमचं खरं भांडण झालं ते मोकळ्या खेपेवरून. दांडगी खेप परतवली की पुढची खेप मोकळी सोडायची, एकही डुक्कर येऊ द्यायचं नाही, असा वहिनींचा हट्ट होता. मी म्हटलं, "लोकांना वाटेल खेळ बंद पडला."

"वाटू द्या. तेवड्यात बाई भात उतरून ठिवती, पोराचं नाक पुसती. दम खाल्ल्याबिगर कुणी लढत न्हाई, भावजी."

शेवटी त्यांचंच खरं झालं. आधी लोकांनी खेळ अडकतो म्हणून तक्रारी केल्या; मग त्या मोकळ्या खेपेसाठीच आभार यायला लागले.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीनं 'अखंड'ची घडी कुणी बसवली म्हणून विचारलं. वहिनींनी मुलाखत दिली आणि त्या पसंत पडल्या. नसरापूरपर्यंत वडापची जीप, पुढे पुण्याची बस, असा रस्ताही ठरला. त्यांनी हौसेनं नवी पर्स आणली. आणि आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. "आत्याबाई हिंडत्या झाल्या की जाते," वहिनी म्हणाल्या. आई हिंडती झाली, तोवर पुतण्याची दहावी आली. दहावी झाली आणि दादाची बदली सोलापूरकडे झाली. कंपनीनं काही महिने वाट पाहिली, मग दुसरं माणूस घेतलं. वहिनींना जाऊ नका असं कुणीही म्हणालं नाही. जा, आम्ही बघतो, असंही कुणी म्हणालं नाही, मीही नाही. घरात आम्ही इतकी माणसं होतो. एकानं जरी एक खेप अंगावर घेतली असती तरी त्या गेल्या असत्या. ही खंत मला सोडत नाही.

बदलीचं सामान टेम्पोत चढवताना ती पर्स माझ्या हातात आली. दुकानातून आणली तेव्हाचा कागदाचा बोळा अजून आत तसाच होता. वहिनींनी ती माझ्याकडून घेतली आणि चादरींच्या गाठोड्यात खुपसली.

यंदा मी खेळ नव्यानं सजवला आणि पहिल्यांदा वहिनींना पाठवला. बरेच दिवस काही कळलं नाही. मग त्यांचा आवाजातला निरोप आला. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, कुणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"चांगला झालाय, भावजी. पर ती मोकळी खेप काडून टाका आता. लोकांना वाटतं खेळ बंद पडला."

माझंच वाक्य होतं. ते त्यांच्या तोंडून ऐकताना मला रडू आलं. खेप मी काढलेली नाही.