बेबीनंदाची सावड

टेंभुर्णीत बियाण्याचा पैसा आला, तशी केशवरावांच्या रानात एकामागून एक शेडनेटं उभी राहिली आणि गावात बंगलाही. "माझं वाढलं की तुमचंबी वाढतंच की," हे त्यांचं पालुपद. बेबीनंदाच्या डोक्यात तिडीक जायची. आता ते साफ खोटं होतं असंही नाही हो. मजुरी वाढली होती, पोरगी कॉलेजात जात होती. पण दिवसभर मान मोडून मिरचीच्या एकेका फुलाला नर फुलाची भुकटी लावायची बायांनी, आणि बी पिकायचं मालकाचं. बाया जन्मभर मजूरच!

म्हणून मागच्या साली तिनं हिय्या केला. दहा गुंठे रान सालाचे ठरलेले पैसे देऊन ठोक्यानं घेतलं, जुनं नेट ताणलं, बियाण्याची मिरची लावली. नवरा कडूबा म्हणाला, "अगं, फुलं एकदम उमलली तर हात कुणाचे आणशील? साऱ्या बाया त्यांच्याकडं." झालंही तसंच. झाडं फुलांनी लगडली, आणि फूल काही कुणासाठी थांबत नाही. सकाळ हुकली की गेलं वाया.

बेबीनंदानं बायांना गाठलं. "सावड करू."

शालू खो खो हसली. "येडी का खुळी तू? सावड रानवाल्यांची. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. आपल्याला कुठं हाय रान?"

"आज माझ्या नेटात हात लावा. पुढच्या साली तुझं नेट उभं करू, मंग तिसरीचं. शब्द हाय माझा."

शब्दानं काय पोट भरतं? तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच बाया हजर! आधी बेबीनंदाची फुलं, मग मालकाची. केशवराव तणतणले, पण करतात काय?

कंपनीच्या तपासणीत बी पास झालं. पैसा हाती येताच बेबीनंदानं शालूसाठी रान पाहिलं, नेट उभारलं. गाव म्हणालं, बाई कामातून गेली.

यंदा शालूची आणि केशवरावांची फुलं एकाच वेळी उमलली, आणि बाया निघाल्या शालूकडं. मग केशवराव बेबीनंदाच्या दारात आले, तेही पायी. "आम्हालाबी घ्या सावडीत."

"घेतो की! पण पैसे देऊन माणूस धाडायचं न्हाई, मालक. सावडीला घरचा हात लागतो."

केशवराव मान खाली घालून गेले. गेली संधी, असं कडूबा पुटपुटला. बेबीनंदालाही घास गोड लागला नाही.

सकाळी शालूच्या नेटाशी केशवरावांच्या पत्नी प्रेमलाबाई उभ्या! बांगड्या वर सारलेल्या, पदर खोचलेला. पहिलंच फूल त्यांच्या बोटात मोडलं. बाया गालात हसल्या, पण बेबीनंदानं शेजारी बसवून त्यांना नीट दाखवलं.

तेवढ्यात पलीकडून शालू, या नेटाची मालकीण, ओरडली, "वहिनी, हिकडची ओळ ऱ्हायली की!"

"आले गं, आले," म्हणत प्रेमलाबाई उठल्या.