घडीच्या आतला पदर

अक्का आपल्याला काय वाटतंय ते आधी सांगून टाकत. राग आला तरी त्यांचा आवाज चढत नसे. "मला आता राग आलाय," असं शांतपणे म्हणत आणि हातातल्या साडीची घडी घालत राहत. एखाद्या गिऱ्हाइकाने ढीगभर साड्या उलगडायला लावल्या की सांगत, "मला कंटाळा आलाय. तुमचा नाही, उन्हाचा." दाजीबानपेठेच्या बाजारात असं बोलून कुणी धंदा करत नाही. शेजारचा भांडीवाला सकाळी शटर वर करता करता कन्नडमध्ये विचारायचा, "इवत्त सिट्टेनरी, अक्का?" म्हणजे, आज राग आहे का? अक्का तितक्याच गंभीरपणे उत्तर देत, "अजून तरी नाही. दुपारी बघून सांगते."

ही सवय त्यांनी मुलांसाठी लावून घेतली होती. दर गुरुवारी दुपारी, बाजार थंड असताना, त्यांच्या साड्यांच्या दुकानात तीन-चार ऑटिस्टिक मुलं गादीवर येऊन बसत. माझी मुलगी रेवा त्यांतली एक. पहिल्यांदा आली तेव्हा नऊ वर्षांची होती. अक्कांनी या विषयाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्यांचा पाठचा भाऊ असाच होता. त्या काळी या अवस्थेला नाव नव्हतं, लोकांनी त्याला ठेवलेली नावं मात्र पुष्कळ होती. वडील वारले तेव्हा घरच्यांनी त्याला सांगितलं, अप्पा परगावी गेलेत. पुढे कित्येक वर्षं तो संध्याकाळच्या बसला स्टँडवर जाऊन उभा राहायचा. "त्याला कळणार नाही म्हणून सांगितलं नाही," अक्का म्हणत, "आणि सांगितलं नाही म्हणून त्याला कळलं नाही." मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांच्या दुकानातला एकच नियम होता.

रेवा तोवर चेहऱ्यांची चित्रं ओळखायला शिकली होती. ओठ वर वळलेले म्हणजे आनंद, भुवया जवळ आलेल्या म्हणजे राग. एका गुरुवारी भांडीवाला आपल्या हमालावर दात विचकून ओरडत होता. रेवाने दात पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आनंद." भांडीवाला ओरडायचा थांबला आणि खरोखरच हसू लागला. अक्का हसल्या नाहीत. "तोंड मागनं वाच," त्या म्हणाल्या. "आधी बघ, त्याला काय दिसलं." हमालाच्या हातून निसटलेली एक परात रस्त्यावर पोचा पडून आडवी झाली होती. रेवा बराच वेळ त्या परातीकडे बघत राहिली.

आमचं दुखणं मात्र चेहरे न ओळखण्याचं नव्हतं. रेवा आम्हाला काही सांगत नसे. तिला बोलता उत्तम येई. रेल्वेच्या वेळा, साड्यांच्या काठांची नावं ती घडाघडा म्हणायची. पण एकदा पायात काच घेऊन ती शाळेतून घरी आली, जेवली, झोपली. सकाळी चादरीवर रक्त पाहून मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. आम्ही घाबरलो ते त्या काचेला नाही. आमच्या मागे हिला काही दुखलं, काही हवं असलं, तर ही कुणाला सांगणार, याला घाबरलो. मी ते अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला माहीत आहे ते तुम्हालाही माहीत आहे, असं तिला वाटतं. मग सांगायचं कशाला?" मी इतकी पुस्तकं वाचली होती. हे कुणी मला इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

अक्कांची पाटी-पेन्सिल म्हणजे साडीची घडी. एक हिरवी साडी होती, पदर जांभळा. घडी घातली की पदर आत जाई. आधी मुलांना साडी उलगडून दाखवायची, मग घडी घालून ठेवायची आणि गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "यांना पदर कुठल्या रंगाचा वाटत असेल?" रेवा दर वेळी म्हणे, "जांभळा." अक्का तिला चूक म्हणत नसत. तिला उठवून गिऱ्हाइकाच्या बाजूला नेऊन बसवत. "इथनं काय दिसतं?" "हिरवं." "हां." एवढ्यावर धडा संपे. सहा-सात महिने हेच चाललं. मला ते वेळ घालवणं वाटू लागलं होतं. मग अळणावरकडची एक बाई मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आली. अक्कांनी तिलाच विचारलं, पदर कसला असेल? बाई म्हणाली, "आणि कसला असणार? हिरवाच की." रेवाने झटकन वर पाहिलं. आपल्या डोक्यात आहे ते या बाईच्या डोक्यात नाही, हे तिला त्या क्षणी दिसलं असावं. ती उठली, तिने घडी उलगडली आणि पदर बाईच्या मांडीवर ठेवला. "बघा," म्हणाली. दुसऱ्याला माहीत नाही म्हणून तिने दिलेली ती पहिली बातमी. अक्का म्हणाल्या, "मला आनंद झालाय," आणि पदराने डोळे पुसले. रेवाने दोन्हीची नोंद घेतली.

त्या आम्हालाही शिकवत. कापड दुकानात कापड फाडतात तो आवाज रेवाला सोसत नसे. ती कानांवर हात ठेवून गुडघ्यांत डोकं घाली. गुरुवारी अक्का ब्लाउजपीससुद्धा कात्रीने कापत. "पोरीला आपलं कळत नाही म्हणून रडता," त्या मला एकदा म्हणाल्या, "आपल्याला तिचं किती कळतं हो?"

मागच्या वर्षी त्यांना पोटाचा आजार निघाला. मुलांना त्यांनी स्वतःच सांगितलं: "मी हसतेय, पण आत दुखतंय. दोन्ही खरं आहे." पुढच्या गुरुवारी दुकान बंद होतं. मी दवाखान्यात भेटायला गेलो. त्या फार थकल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "रेवाला नीट सांगा. मी गेले म्हणून सांगा. गावाला गेले म्हणू नका." मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आणि मी रेवाला सांगितलं, अक्का माहेरी कलघटगीला गेल्यात. तिच्या आईलाही तसंच सांगायला लावलं. तिला झेपणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर तो शब्द माझ्याच तोंडून निघत नव्हता. गुरुवारी दीड वाजता रेवा पिशवी घेऊन दाराशी उभी राही. मी म्हणे, अजून आल्या नाहीत. "बरं," म्हणून ती पिशवी खुंटीला लावी. असे नऊ गुरुवार गेले. स्टँडवर उभा राहणारा तो भाऊ मी कधी पाहिला नव्हता. आता दर आठवड्याला पाहत होतो.

दहाव्या गुरुवारी तिने पिशवी घेतली नाही. माझ्यासमोर येऊन बसली.

"अप्पा, मी आता एक सांगणार आहे. तुम्हाला वाईट वाटेल."

मी पुस्तक मिटलं.

"काल रिक्षा दाजीबानपेठेतनं आली. तुम्ही पलीकडे बघत होता. दुकान उघडं होतं. अक्कांच्या फोटोला हार होता. तुम्हाला दिसलं नाही, म्हणून तुम्हाला वाटतं, त्या कलघटगीला आहेत. त्या कलघटगीला नाहीत. त्या वारल्या."

ती माझ्यासाठी घडी उलगडत होती. मान हलवून ती बातमी घेतली असती तर निभावलं असतं. तिला कळलंही नसतं.

"मला माहीत होतं, रेवा," मी म्हणालो.

तिला हे जुळवायला वेळ लागला. "मी पिशवी घेत होते तेव्हा?"

"हो."

"तुम्हाला दिसत होतं, मला माहीत नाही ते?"

"हो."

ती खिडकीकडे वळली. मग अक्कांच्याच सुरात, आवाज जराही न चढवता म्हणाली, "मला आता राग आलाय."

तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी तो वाचायला गेलोही नाही. तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मला रडू येतंय."

"बरं," ती म्हणाली, आणि सरकून जागा दिली.