अकरा माणकांचा दाखला

आमच्या बाजारपेठेतला घड्याळजी मोजकं बोलायचा. डोळ्याला भिंग लावलं की सगळं जग त्याच्यापुरतं बोटभर व्हायचं. चाळीस वर्षं एकाच खिडकीपाशी बसला, पण कुणाचा एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. हा सचोटीचा वसा वडिलांचा. त्यांचं नाव निघालं की तो भिंग काढून हातात धरायचा.

एके सकाळी जहागीरदारांची नात टेबलावरचं घड्याळ घेऊन आली. सोन्याचा मुलामा, तबकडीभोवती अकरा माणकं.

"पणजोबांना राणीनं दिलेलं. मग आजोबा, मग बाबा, आता मी," ती म्हणाली. "संग्रहालय विकत घेतंय. सगळं मूळचंच आहे, एवढा दाखला द्या. तुमचाच चालतो म्हणे."

"आधी पोट बघू द्या, बाईसाहेब. वरून काय, सगळेच धडधाकट दिसतात."

ती हसली. त्यानं मागचं झाकण उघडलं. या धंद्याची एक रीत आहे. जे काम केलं ते झाकणाच्या आत सुईनं बारीक कोरून ठेवायचं, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. ते वाचता वाचता त्याचा हात जागीच थिजला. अक्षर वडिलांचं होतं. 'मालकांच्या हुकमानं अकरा माणकं काढली, काच बसवली. घरात बोलू नये.'

"काय झालं काका? पांढरेफटक पडलात."

त्यानं वाचून दाखवलं, अक्षर वडिलांचं हेही सांगितलं.

"तेव्हाचे मालक म्हणजे आजोबा! त्यांनी? अहो, आजी रोज स्वतःच्या पदरानं पुसायची ती माणकं!" मग तिचा आवाज चढला. "की तुमच्या वडिलांनीच हात मारला आणि नाव आमचं कोरलं?"

कानाखाली बसावी तसा तो हादरला. कारण तिच्या आधी, पळभर का होईना, हेच त्याच्याही मनात येऊन गेलं होतं.

"माहीत नाही, बाईसाहेब."

"मग घासून टाका ते. तुमच्या वडिलांचंही नाव राहील, माझंही काम होईल."

दुकानभर घड्याळं टिकटिकत होती, एकाचा ठोका दुसऱ्याशी जुळत नव्हता. मग त्यानं कागद ओढला आणि लिहिलं : यंत्र मूळचं. खडे काचेचे. बसवणारे माझे वडील.

सही करून त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. त्या क्षणी वडिलांचा चेहरा काही केल्या त्याला आठवेना.