पुढे झिपरू

आजवर अमानवीय गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि त्याचं कारण फार शास्त्रीय नाही. माझ्या आयुष्यात जे जे विचित्र घडलं, ते चौकशीअंती माझ्याच गाढवपणातून घडलेलं निघालं. घरातले दिवे आपोआप विझले, तर मीच बिल भरायला विसरलेला असायचो. त्यामुळे खालचा प्रसंग वाचताना तुम्हालाही तोच संशय येईल. यावा. मलाही तो बरेच दिवस होता.

मी शहाद्यात राहतो. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून रिटायर झालो. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा कॅनडात. घराला चार खोल्या, त्यातल्या तीन मी झाडतसुद्धा नाही.

माझे वडील सारंगखेड्याच्या बँडचे मास्तर. लग्नात नवरदेवाला वेशीवरून आणताना वाजवायला त्यांनी स्वतः एक चाल बांधली होती, ‘वेशीची चाल’. वहीत सारेगममध्ये बहात्तर आवर्तनं व्यवस्थित लिहिलेली... आणि खाली फक्त दोन शब्द – ‘पुढे झिपरू’. म्हणजे शेवटची आठ आवर्तनं बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या झिपरू आबांची. क्लॅरिनेट एकटं वाजवायचं, बाकी सगळे गप्प. ते वडिलांनी कधी लिहून घेतलंच नाही, कारण झिपरू होताच की रोज समोर.

वडील गेले, बँड मोडला. झिपरू आबा उरले, सारंगखेड्यातच, सुनेजवळ. नव्वदीला टेकलेले, फुंकायला दम नाही, पण गुणगुणायचे. ती आठ आवर्तनं जगात फक्त त्यांच्या डोक्यात होती. मला एवढंच करायचं होतं – अर्ध्या तासाची एसटी पकडायची, त्यांच्यासमोर बसायचं, पेन्सिलने लिहून घ्यायचं.

ते सोडून मी सॉफ्टवेअर निवडायला बसलो.

झालं असं की मुलाने जुना कॉम्प्युटर पाठवला होता, आणि मला कळलं की नोटेशन लिहिलं की ते अख्ख्या ऑर्केस्ट्रावर वाजवून दाखवणारी सॉफ्टवेअर्स असतात. खऱ्या वादकांचे एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवलेले – व्हायोलिन, ट्रम्पेट, सगळं. घरात एक माणूस आणि साठ वादक. मला ते फारच आवडलं. पण सगळ्यांचं सगळ्यांशी जमत नाही. एका सॉफ्टवेअरमध्ये सुरावर तुटक वाजवायची टिंबं दिली की व्हायोलिनवाले गज टाकून बोटांनी तारा छेडायला लागायचे. दुसऱ्यात ट्रम्पेट इतकं हळू सुरू व्हायचं की नवरदेव वेशीतून आत पोचून जेवायला बसला असता. तिसऱ्यात सगळं छान, फक्त क्लॅरिनेट बेसूर. नऊ दिवस मी त्या कंपनीला शिव्या दिल्या. दहाव्या दिवशी कळलं की क्लॅरिनेटचा ‘सा’ मुळातच एक सूर खाली बोलतो, आणि बँड मास्तरच्या मुलाला हे साठीनंतर इंटरनेटवरून समजलं.

मध्ये शेजारचे पाटीलबुवा येऊन गेले. “कोनं लगीन शे भाऊ?” त्यांनी विचारलं.

“कुणाचं नाही. टेस्टिंग चाललंय.”

“मंग एकच तुकडा किती डाव वाजाडशी? नवरदेव पळी गया का?”

आबांचा दर आठवड्याला फोन. मी त्यांच्यासाठी अजून ‘मास्तरना पोऱ्या’च होतो.

“काय रे मास्तरना पोऱ्या, कवय येशी?”

“येतो आबा. सॉफ्टवेअर ठरलं की लगेच.”

“ते काय ऱ्हास?”

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुन्ही बायको पाहाले इतला दिन नई लागनात.” आणि खोकत हसले. तो खोकला मला ऐकू आला होता. नाही आला असं मी म्हणणार नाही.

असे चार महिने गेले.

मग एका मंगळवारी मी ठरवलं की आज निकाल. तिन्ही सॉफ्टवेअर्समध्ये तीच चाल, एकामागून एक, आणि उद्या सकाळच्या एसटीने सारंगखेडा. दुपारचे पावणेचार. बाहेर ऊन, खिडकी उघडी.

पहिलं लावलं. एकविसाव्या आवर्तनाला आवाज गेला. सगळाच. पडद्यावरची रेघ मात्र सुरांवरून सरकत होती. सदतिसाव्याला साठच्या साठ वादक पुन्हा सुरू... जसं काही झालंच नाही.

मी स्पीकरची वायर हलवली. दुसरं लावलं. एकविसाव्याला गप्प, सदतिसाव्याला सुरू.

तिसऱ्यातही तेच.

तीन वेगळ्या कंपन्या. तिसऱ्यातली तर वाद्यंसुद्धा वेगळी. मध्येच मी मोबाइल त्याच स्पीकरला जोडून पाहिला, तो ठणठणीत वाजला. मग माझ्यासारख्या माणसाने जे करावं तेच मी केलं – तिन्ही ठिकाणचं वाजणं ऑडिओ फाइलमध्ये उतरवलं आणि तिन्ही कंपन्यांना तक्रारीची ईमेल लिहायला बसलो. आवर्तनांचे आकडे देऊन, इंग्रजीत, ‘मी निराश झालो आहे’ वगैरे. तिसरी ईमेल गेली आणि फोन वाजला. आबांची सून, मंगलावहिनी.

आबा गेले होते. तासाभरापूर्वी, चारच्या सुमारास.

आता वडिलांच्या बँडची एक गोष्ट सांगायला हवी, ती मला तेव्हा आठवली नाही. अंत्यविधीलाही नाही. ती आठवली दहाव्याला, नदीवरून परतून मी आबांच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा.

आमच्याकडे ज्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल, त्या घरावरून बाजा वाजत जात नाही. वरात आली की बँड थांबतो, घर ओलांडलं की पुन्हा सुरू. बाकीचे बँड चाल पहिल्यापासून धरायचे. वडिलांचा बँड तसं करत नसे. “फुकनं बंद, गिनती चालू,” ते म्हणायचे. सगळे मनात मोजत चालायचे आणि घर मागे पडलं की चाल तोवर जिथे पोचली असती, तिथूनच उचलायचे. वीस जण, एका दमात. लोक त्यासाठी आमचा बँड लावायचे.

त्या मंगळवारी तिन्ही सॉफ्टवेअर्सनी नेमकं हेच केलं होतं, पण ते मी वहिनींना सांगितलं नाही. सहज विचारावं तसं विचारलं, “शेवटी काही बोलले का आबा?”

“झोपेल व्हतात,” वहिनी म्हणाल्या. “मी पीठ मळी ऱ्हायनी व्हतू. एकदम डोया उघडात नि माले इचारं, ‘बाजा काबरं थांबना?’ मी म्हनं, आबा, कसाना बाजा? लगीनसराई नई शे काही नई शे. ते म्हने, ‘थांबना ना आते. गल्लीमा कोन गय वं?’”

वहिनी पुढे सांगू लागल्या.

“मंग खाटना लाकूडवर बोट वाजाडत पडनात. गिनती करी ऱ्हायनात अशे. मंग जरासं गुणगुणनात... नि झायं.”

“काय गुणगुणले? चाल कशी होती, वहिनी?”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलवले. एक सूर आला, कदाचित दीड. मग पदर तोंडाला लावला. “नई येत भाऊ. मन्हं ध्यान पीठमा व्हतं.”

त्यांना काय बोलणार. माझं ध्यान चार महिने कशात होतं?

पुढे कंपन्यांची उत्तरं आली. तिघांनीही फार सभ्यपणे कळवलं की तुमची फाइल आमच्याकडे पूर्ण वाजते. मी उघडून पाहिली. माझ्याकडेही पूर्ण वाजते, तेव्हापासून रोज वाजते. पण त्या मंगळवारी उतरवलेल्या तीन ऑडिओ फाइल्स आहेत. तिन्हींत सोळा आवर्तनांची शांतता आहे, चाळीस सेकंद. एका कंपनीच्या माणसाने लिहिलं, तुमच्याकडून आवाज बंद झाला असेल. माझा इतिहास पाहता मी मान्यही केलं असतं. पण तीनदा, त्याच जागी? आणि आबांनी थांबलेला बाजा ऐकला तो कुठला? शहाद्यापासून सारंगखेड्याला माझे स्पीकर ऐकू जात नाहीत. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, फक्त वायर तपासली का असं विचारू नका. तपासली.

सॉफ्टवेअर शेवटी पहिलंच ठेवलं. फुकटचं. बहात्तर आवर्तनांनंतर मी आठ रिकामी जोडली आहेत आणि त्यावर वडिलांच्या वहीतले दोन शब्द लिहिले आहेत. दुपारी चाल लावतो. बहात्तर संपतात, वादक थांबतात, रेघ रिकाम्या जागेवरून सरकत राहते. खिडकी उघडीच असते. मी टेबलावर बोटाने मोजतो, आठ पूर्ण होईपर्यंत.