स्वीडिश ठेक्यावर मराठी प्रश्न

न्यूझीलंडमध्ये न्यू लिनला राहत होतो तेव्हा ऑफिसात माझ्या शेजारी सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणारी एक किवी, म्हणजे तिथलीच, बाई होती. ती घरी गॅरेजमध्ये ड्रम्स वाजवायची. तिने मला एका स्वीडिश बँडची सीडी दिली. म्हणाली, "गाडीत ऐक. हीप्स गुड." म्हणजे एकदम भारी.

ऐकली. खाली जुन्या जर्मन रॉकचा सरळ, न थकणारा ठेका, वर ऐंशीच्या दशकातल्या न्यू वेव्ह पॉपचे कोरडे, गार कीबोर्ड, आणि त्यावर एक बाई. ती गात नव्हती, ठणकावून सांगत होती. आवाज गोड करायची तिला काही गरज वाटत नव्हती. मी लहानपणापासून पेटी शिकले, ती हळुवार वाजवायला. घर आलं तरी मी गाडीतून उतरले नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी दरवर्षी भावगीतांना कीबोर्डची साथ करायचे. त्या वर्षी मी सांगून टाकलं की मी त्या अल्बमच्या धाटणीचं स्वतःचं गाणं करणार, ऑफिसातली ती मैत्रीण ड्रम्सवर. शब्द मी मराठीत लिहिले होते. मला लोक जे विचारत ते सगळे प्रश्नच: मूल कधी, मायदेशी परत कधी, नोकरी करून स्वयंपाक कधी.

तालमीला कार्यक्रम बसवणारे काका आले. ऐकून म्हणाले, "लोक इथे संस्कृतीसाठी येतात."

"काका, शब्द मराठीच आहेत."

"ते कळलं. म्हणूनच सांगतोय."

घरी नवरा म्हणाला, "या वर्षी भावगीत वाजव ना. पुढच्या वर्षी बघू."

"नाही," मी म्हटलं. सासूबाई तेव्हा पुण्याहून आलेल्या होत्या. मेथी निवडता निवडता रोज माझा सराव ऐकायच्या.

कार्यक्रमात पहिल्याच कडव्याला काही जण उठून मागे जेवणाच्या टेबलांकडे गेले. दुसऱ्या कडव्यात काकांनी साउंडवाल्याला खूण केली आणि माझा माइक बंद झाला, पाठोपाठ कीबोर्डही. ड्रम्सना वीज लागत नाही. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं आणि ठेका सोडला नाही. मी कीबोर्डमागून निघून स्टेजच्या कडेला गेले आणि उरलेले प्रश्न उघड्या गळ्याने विचारले. मागे पुरी-भाजीच्या रांगेत उभ्या असलेल्या काही बायका ठेक्यावर टाळ्या वाजवू लागल्या. त्यातली एक माझ्याबरोबर ओरडली, "परत कधी?"

खाली उतरले तर काका समोर उभे. "पुढच्या वर्षी गाणं आम्ही ठरवू."

"ठरवा. मी दोन करणार आहे."

गाडीत कीबोर्ड ठेवताना सासूबाई म्हणाल्या, "मला काही आवडलं नाही ते. डोकं दुखलं. पण माइक गेल्यावर तू गप्प बसली असतीस तर मला वाईट वाटलं असतं." नवऱ्याने डिकी बंद केली. घरी पोचल्यावर तो म्हणाला, "ती सीडी दे बघू, नीट ऐकतो एकदा."

पुढच्या वर्षी मंडळाने मला बोलावलं नाही. मी आणि ड्रम्सवाली मैत्रीण शनिवारी दुपारी तिच्या गॅरेजमध्ये वाजवायला लागलो. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक बाई शहराच्या दुसऱ्या भागातून, सँडरिंगहॅमहून, यायला लागली. तिला एकही वाद्य येत नव्हतं. तिला आम्ही माइक दिला.